ऑरिनच्या पुलास्कीचा दांडा

डेल्मर ट्वेटच्या मनात रेनाटा बाकाबद्दल काहीही वाकडं नव्हतं. हे तो न विचारता सांगायचा आणि दिवसातून बऱ्याच वेळा सांगायचा. शेवटी त्याची बायको आर्लिस एकदा फोनवर म्हणाली, "लग्नाआधी तू माझ्याबद्दलसुद्धा इतकं बोलत नव्हतास."

सॅमन नदीच्या खोऱ्यात वणवे विझवणारी वीस जणांची जी टोळी आहे, तिच्यात डेल्मर अकरा उन्हाळे दुय्यम होता. टोळीचा म्होरक्या ऑरिन स्टब्ज सगळ्यांच्या पुढे चालायचा आणि डेल्मर सगळ्यांच्या मागे. मधले लोक जाळरेषा काढायचे. म्हणजे वणव्याच्या वाटेतली झाडं कापायची, झुडपं उपटायची, गवत आणि मुळं खरवडून खालची कोरी माती उघडी करायची, की आगीला पुढे खायला काही राहू नये. शेवटी डेल्मर यायचा, हातमोजा काढून उघड्या हाताने राख चाचपायचा. कुठे ऊब लागली, की पुढच्यांना परत बोलवायचा. अकरा वर्षं दुसऱ्यांच्या चुका हाताने शोधत फिरलेल्या माणसाला पुढे जायची इच्छा झाली, तर त्यात वावगं काही नाही.

ऑरिनच्या गुडघ्यांनी संप केला आणि तो मुलीकडे अ‍ॅरिझोनात राहायला निघाला, तेव्हा आता डेल्मरच म्होरक्या होणार हे सगळ्यांनी गृहीत धरलं. आर्लिसने तीन थरांचा केक केला. त्यावर साखरेच्या पाकाने 'अभिनंदन डेल्मर' असं लिहिलं. आठवड्याभराने वरून हुकूम आला, की म्होरक्या म्हणून न्यू मेक्सिकोहून रेनाटा बाका येत आहे. केक तेव्हापासून फ्रीजरमध्ये आहे.

आता या टोळीचा एक रिवाज होता. म्होरक्याचा पुलास्की पुढच्या म्होरक्याकडे जायचा. एका बाजूला कुऱ्हाड, दुसऱ्या बाजूला कुदळ असं ते हत्यार. प्रत्येकाकडे एकेक असतं, पण म्होरक्याचा वेगळा. ऑरिनला तो त्याच्या आधीच्याने दिला होता आणि त्यावर ऑरिनने स्वतःच्या उंचीचा नवा दांडा बसवला होता. मोसमाच्या पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर तो हातातून हातात द्यायचा. ऑरिन तोवर थांबणार नव्हता, म्हणून जाताना त्याने पुलास्की डेल्मरकडे दिला आणि म्हणाला, "नवा माणूस आला की त्याला दे." तेव्हा दोघंही हसले होते, कारण नवा माणूस कोण हे दोघांनाही माहीत होतं.

डेल्मरने ही आज्ञा अक्षरशः पाळली. नवा माणूस आलाच नाही, बाई आली. मोसमाच्या पहिल्या दिवशी करवतवाल्या पर्डीने सगळ्यांसमोर विचारलं, "म्हाताऱ्याचा पुलास्की कुठाय रे?" डेल्मर म्हणाला, "अ‍ॅरिझोनाला घेऊन गेला." टोळीच्या गाडीत डेल्मरच्या बाकाखाली पेटी होती. ती त्याच्याशिवाय कोणी उघडत नसे. पुलास्की तिच्यात गोणपाटात गुंडाळलेला होता, आणि दर रविवारी, बाकीचे कपडे धुवायला गेले, की डेल्मर त्याला धार लावायचा. त्या हत्याराने करायचं काहीच नव्हतं. तरी वस्तऱ्यासारखी धार झाली होती.

रेनाटा ठेंगणी, रुंद खांद्यांची, कमी बोलणारी होती. डेल्मरने तिच्या चुका जमवायला सुरुवात केली, पण पीक फारच बेताचं आलं. ती सगळ्यांचं वाढून झाल्यावर जेवायची. ऑरिनही तसंच करायचा, पण ऑरिनला मुळात भूकच कमी, हिचा तो दिखाऊपणा. ती सगळ्यात नव्या पोरालासुद्धा विचारायची, तुला काय वाटतं. म्हणजे हिला स्वतःला काही वाटत नसणार. सगळ्यात खुपायची ती 'सरक'. रेषा काढताना मागचा पुढच्याच्या कामापर्यंत येऊन पोचला की 'सरक' म्हणून ओरडतो आणि मग अख्खी ओळ एकेक काम पुढे सरकते. ऑरिनच्या काळात ही हाक दमलेल्या, चिडलेल्या आवाजात यायची, जशी यायला हवी. हल्ली लोक ती हसत देऊ लागले होते.

ऑगस्टात एका ओढ्यावरच्या उतारावर वणवा लागला. टोळीला वरून खाली रेषा काढत यायचं होतं. वणवा खालच्या बाजूला, माणसं त्याच्या वर. वारा फिरला तर आग चढणीवर माणसापेक्षा वेगाने धावते, म्हणून अशा ठिकाणी समोरच्या टेकाडावर टेहळणीला माणूस बसवतात. रेनाटाने डेल्मरला वर जायला सांगितलं.

"मी?" डेल्मर म्हणाला. "मी मागे असतो. राख कोण बघणार?"

"राख मी बघते. डोळे तुझे जुने आहेत, डेल."

अनुभवी असं तिला म्हणायचं होतं. डेल्मरने 'म्हातारे' असं ऐकलं आणि मनातल्या यादीत टाकून दिलं. आपल्याला टोळीपासून तोडून दगडावर नेऊन बसवायचं हे हिने आधीच ठरवलं होतं, अशी त्याची खात्री पटली.

उतारावर एक वाळलेला पाईन एकटाच उभा होता. आग त्याच्यापाशी पोचली की डेल्मरने वॉकीटॉकीवर सांगायचं आणि सगळ्यांनी हातातलं टाकून काळ्यात जायचं, असं ठरलं. काळं म्हणजे आधीच जळून गेलेला भाग. तिथे जळायला काही उरलेलं नसतं, म्हणून त्याच्याइतकी सुरक्षित जागा दुसरी नाही.

"आणि त्याच्या आधी काही वाटलं तरी सांग," रेनाटा म्हणाली. "मी का म्हणून विचारणार नाही."

डेल्मर वर जाऊन बसला. समोर सगळं लख्ख दिसत होतं. पर्डीची करवत पुढे, तिच्यामागे झाडं ओढणारे, मग पुलास्कीवाले, मग खरवडणारे, आणि शेवटी ती ठेंगणी बाई, एक हातमोजा कमरेला खोचून राखेत हात घालणारी. ती वाकून बघत होती, आणि नीट बघत होती. रेषा तर अशी चालली होती, की कुणी वरून कातडं सोलत यावं. दुपार व्हायच्या आत ती ओढ्याला भिडणार हे दिसत होतं. डेल्मरच्या अकरा वर्षांत अशा उतारावर असं कधी झालं नव्हतं.

तेवढ्यात वॉकीटॉकीवर पर्डी रेनाटाला म्हणाला, "बॉस, ऑरिनच्या वेळी एवढ्यात आमचा पीचचा डबासुद्धा उघडून झाला नसता." मागून कुणीतरी हसलं. आणि मग 'सरक'. हसत.

डेल्मरने धुराकडे पाहिलं. धूर थोडा कलला होता. धूर कलतोच, आयुष्यभर त्याने दुसरं काही केलेलं नाही. आग पाईनपासून बरीच लांब होती.

डेल्मरने बटण दाबलं. "रेनाटा, डेल्मर बोलतोय. बाहेर पडा. काळ्यात जा."

"ऐकलं. निघालो."

ती वाद घालेल अशी त्याची अपेक्षा होती. वाद झाला असता, तर मोठ्या आवाजात बोलता आलं असतं. पण खालची एकोणीसच्या एकोणीस माणसं हत्यारं उचलून काळ्यात गेली आणि राखेवर बसली. डेल्मर टेकाडावर एकटाच आगीची वाट बघू लागला. आयुष्य वणवे विझवण्यात घालवलेला तो माणूस त्या दगडावर बसून एका वणव्याला मनातल्या मनात विनवत होता, की बाबा, थोडा तरी चढ.

वणवा चढला नाही. होता तो वारा पडला. आग गवतात आडवी झाली आणि झोपाळू गुरासारखी धुमसत राहिली. थोड्या वेळाने त्या वाळलेल्या पाईनखाली एक हरणी आली आणि चरू लागली. ती तिथे चांगली ऐसपैस चरली.

तोवर विभागाच्या साहेबांचा धीर सुटला. त्यांनी शेजारच्या खोऱ्यातली टोळी आणली आणि खालच्या बाजूने उरलेली रेषा तिच्याकडून पुरी करून घेतली. आता ती टोळी ही गोष्ट मरेपर्यंत सांगणार होती.

डेल्मर खाली आला तेव्हा साहेब कोऱ्या पिवळ्या शर्टात रेनाटासमोर उभे होते. टोळी थोडी बाजूला, बुटांकडे बघत.

"टोळी कुणी काढली?" साहेबांनी विचारलं.

"मी."

"कशावरून?"

"माझा टेहळणीचा माणूस निघा म्हणाला."

"त्याने पाहिलं काय?"

डेल्मरने तोंड उघडलं. काय सांगायचं ते त्याला माहीत नव्हतं, पण उघडलं. रेनाटाने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"ते मी विचारत नाही, साहेब. आज विचारलं तर पुढच्या वेळी सांगण्याआधी तो विचार करत बसेल. आणि तो विचार करत असताना मी माणसं घेऊन उतारावर उभी असेन."

साहेब पुष्कळ बोलले. ती ऐकून घेत होती. साहेब गेल्यावर पर्डीने डेल्मरला विचारलं, की धूर होता, का तुझीच सिगरेट होती. दोघं-तिघं हसले.

"पर्डी," रेनाटा म्हणाली, "उद्याही तोच वर बसणार. तो निघा म्हणाला की करवत टाकून निघायचं. ज्याला जमत नसेल त्याने आजच घरी जावं." आणि ती पाणी प्यायला गेली.

डेल्मर तिच्या मागे गेला. ऑरिन असता तर साहेबांना काय म्हणाला असता, हे तो चालताना आठवत होता. 'डेल्मरने जरा घाई केली,' असं म्हणाला असता. दोनदा म्हणालाही होता. आणि तिच्या जागी आपण असतो तर काय म्हणालो असतो, तेही त्याला स्पष्ट ऐकू येत होतं.

"मी काही पाहिलं नव्हतं," तो म्हणाला.

"माहीत आहे. पाईन मलाही दिसत होता."

"मग निघालीस कशाला?"

"कारण मला फक्त पाईनच दिसत होता." तिने बाटलीचं झाकण लावलं. "पलीकडचं सगळं तुझ्याकडे होतं."

ती ओरडली असती तर फार बरं झालं असतं. तो गाडीत गेला, बाकाखालची पेटी उघडली आणि गोणपाटाची गुंडाळी काढून आणली. ती सगळ्यांसमोर सोडली. पर्डी म्हणाला, "अरे वा, अ‍ॅरिझोना बरंच जवळ आलंय."

"हा तुझा," डेल्मर रेनाटाला म्हणाला. "पहिल्या दिवशीच द्यायचा होता."

तिने अंगठ्याने धार बघितली आणि भुवया वर गेल्या. मग दोन पावलं मागे सरून तो एकदा जमिनीत घातला. दांड्याचं टोक तिच्या मांडीवर आपटलं. ऑरिन सव्वासहा फूट उंच होता.

"धार सुंदर आहे," ती म्हणाली. "पण मला लांब पडतो, डेल. तूच वापर."

सगळ्या उन्हाळ्यात डेल्मरला जे ऐकायचं होतं ते हेच. तिने पुलास्की त्याच्यापुढे धरला. दांडा त्याला अगदी बरोबर होता. हे तो दर रविवारी बघत आला होता.

डेल्मरने पुलास्की घेतला, गाडीच्या फळीवर आडवा ठेवला, पर्डीकडून हातकरवत मागून घेतली आणि ऑरिनचा दांडा टोकाकडून चार बोटं कापून टाकला. पर्डीने टोपी काढली. डेल्मरने कानस घेऊन टोक गोल केलं, हात फिरवून कुसळ कुठे राहिलं का ते बघितलं, पुन्हा घासलं आणि तिला दिला.

रेनाटाने तो पुन्हा एकदा जमिनीत घातला. मुळासकट ढेकूळ वर आलं. तिच्या हातात तो असा काही बसला, की ऑरिनच्या हातातही कधी इतका शोभला नव्हता. हे डेल्मरच्या लक्षात आलं आणि त्याला मुळीच आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी पलीकडच्या उतारावर रेषा काढायची होती. तो पुन्हा कुणी न सांगता टेकाडावर गेला, आणि उतारावरचा मुंगळासुद्धा नजरेतून सुटू नये असा बसला. खालून 'सरक' ऐकू येत होतं. हसतच.

वणवा विझून तळावर परतल्यावर आर्लिसचा फोन आला. त्या बाईचं कसं चाललंय, तिने विचारलं.

"चांगलं चाललंय," डेल्मर म्हणाला. एखाद्याचं दुखणं सांगावं तशा आवाजात म्हणाला.

आर्लिस म्हणाली, "त्या केकचं काय करू? पाठवते टोळीला. पण त्यावर तुझं नाव आहे."

"खरवड," डेल्मर म्हणाला. आणि वरवर न करता खालच्या थरापर्यंत नीट कसं खरवडायचं, ते त्याने तिला सविस्तर समजावून सांगितलं.