मोजणीच्या खोलीबाहेरचं बाकडं

आमच्या सासूबाईंना काहीही विचारा, उत्तर एकच. "काही नाही गं." ताप आलाय का? काही नाही गं. डोळे का लाल? काही नाही गं, कांदा चिरला. एकदा गुडघा सुजून भोपळ्याएवढा झाला होता आणि बाई पाण्याची बादली घेऊन जिना चढत होत्या. विचारलं तर म्हणे काही नाही गं. लग्न होऊन दहा-बारा वर्षं झाली, पण या बाईंच्या पोटातलं ओठांवर आलेलं मी एकदाही पाहिलं नव्हतं. माझं काम ताऱ्यांच्या पोटात काय शिजतं ते शोधायचं आहे. ते सोपं वाटतं मला.

त्या दिवशी तर माझ्या डोक्याचा सकाळपासूनच भुगा झाला होता. आमच्या प्रयोगाची पाळी दोन वर्षांनी आली होती. मशीन एकच, मागणारे छप्पन्न. मिळाला एक आठवडा, म्हणजे कामाचे पाच दिवस, त्यातले दोन दिवस पंप गळण्यात गेले, एक दिवस वीज गेली, आणि आता हातात उरला होता आजचा दिवस आणि उद्याचा. हे हुकलं तर पुढची पाळी कधी, देव जाणे.

प्रयोग काय, ते सांगते, कारण घरी कुणीच धड ऐकून घेत नाही. एक विझलेला तारा असतो. तो शेजारच्या ताऱ्याचा वायू ओढत राहतो, अंगावर चढवत राहतो, आणि एक दिवस तो सगळा थर भडकून उडतो. त्या भडक्यात फ्लोरिन-अठरा नावाचं एक द्रव्य तयार होतं. ते अल्पायुषी असतं, दोन तास व्हायच्या आत निम्मं होतं, आणि विरताना एका ठरावीक ताकदीचे किरण सोडतं. ते किरण दुर्बिणीला दिसले तर ताऱ्याच्या आत काय झालं ते कळेल. पण त्याच भडक्यात हायड्रोजन येऊन त्या फ्लोरिनला फोडतोही. मग शिल्लक किती राहतं? ते इथे जमिनीवर मोजायचं. आम्ही हे फ्लोरिन तयार करतो, मशीनमधून हायड्रोजनवर फेकतो, आणि किती फुटलं ते मोजतो. प्रत्येक घाण्यातला एक थेंब आधी मोजणीच्या खोलीतल्या संवेदकासमोर ठेवतो, म्हणजे मुळात माल किती होता ते कळतं. तो संवेदक म्हणजे आमचा तराजू. तराजूच खोटा निघाला तर पुढची सगळी मेहनत पाण्यात.

त्या संवेदकाभोवती शिशाच्या विटांची भिंत असते, बाहेरचा किरण आत येऊ नये म्हणून. भिंत म्हणजे तीन बाजूंनी. चौथ्या बाजूच्या विटा शेजारच्या गटाने "दोन दिवसांसाठी" नेल्या होत्या, त्याला आता दोन महिने झाले. चौथी बाजू व्हरांड्याकडची, मध्ये एक पातळ भिंत, आणि भिंतीपलीकडे पाहुण्यांसाठी एक लाकडी बाकडं.

दुपारी बाराच्या सुमारास फाटकावरून फोन आला. तुमच्या सासूबाई आल्यात, डबा घेऊन.

मी कपाळावर हात मारला. डबा मी मागितलेला नव्हता. मी खाली गेले तर बाई पाहुण्यांचा बिल्ला गळ्यात घालून उभ्या. बाहेर घामाच्या धारा, आणि यांच्या अंगात पूर्ण बाह्यांचा स्वेटर.

"अहो आई, आज कशाला आलात? आणि हा स्वेटर?"

"काही नाही गं. म्हटलं, तू जेवणार नाहीस नीट."

"बरं, द्या डबा. घरी जा आता, उन्हं वाढतील."

"मी बसते की जरा इथे. तुला कामात अडवत नाही. तू जा."

बसते म्हणाल्या की बसतातच. मी त्यांना त्या बाकड्यावर बसवलं, पाण्याची बाटली दिली, कशालाही हात लावू नका म्हणून तीनदा बजावलं आणि आत पळाले. उभ्याउभ्या डब्यातला एक घास तोंडात टाकला. भाजीत मीठ नव्हतं. ज्या बाई तळहातावर थेंब घेऊन चाखल्याशिवाय कढईवरून उठत नाहीत, त्यांची भाजी अळणी! म्हटलं, आजचा दिवसच खराब आहे. डबा बंद करून ठेवला.

तेवढ्यात मशीनवाले दादा मोजणीच्या खोलीतून ओरडले, "मॅडम, हे काय बघा!"

पडद्यावरचा आकडा चढला होता. थोडाथोडका नाही, थेंब जेवढा दाखवायला हवा त्याच्या कितीतरी पट. मी थेंब उचलून शिशाच्या डबीत बंद केला. आकडा जागचा हलला नाही. म्हणजे संवेदकासमोर काहीच नाही आणि संवेदक ओरडतोय. किरण कुठला, तर नेमक्या त्याच ताकदीचा. आमच्याच मालाचा.

दादांचा चेहरा उतरला. "सांडलंय कुठेतरी."

फ्लोरिन सांडलं म्हणजे इमारत बंद, चौकशी, आणि आमचा प्रयोग कायमचा गुंडाळला. मी दादांना म्हटलं, आधी आपण बघू, मग कळवू. दादा म्हणाले, तसं चालणार नाही मॅडम, आणि त्यांचं बरोबर होतं. शिट्टीबाईंना फोन लावला.

शिट्टीबाई म्हणजे सुरक्षेच्या अधिकारी. हातात सतत तो मोजायचा दांडा, किरण लागला की शिट्टी मारणारा. त्या मागच्या दाराने आल्या तशा आमच्यावर तुटून पडल्या. कुणी सांडलं, कधी सांडलं, हातमोजे कुठे आहेत, चपला दाखवा. आम्ही शाळेतल्या पोरांसारखे तळवे दाखवत उभे. टेबलं तपासली, फरशी तपासली, कचऱ्याचा डबा उलटा केला. सगळं स्वच्छ. आणि पडद्यावरचा आकडा मात्र ओरडतच होता. शोधता शोधता दीड तास गेला, तोवर तो सावकाश खाली आला होता, बरोबर फ्लोरिन-अठराच्या चालीने. आता शंकेला जागाच उरली नाही.

"तुमचंच आहे," शिट्टीबाई म्हणाल्या. "लपवताय काय?"

"कशाला लपवू? मी काय वेडी आहे?"

"मग गेलं कुठे?" असं म्हणत त्या दांडा पुढे धरून व्हरांड्यात गेल्या, आणि दांड्याने अशी किंकाळी फोडली की दादांच्या हातातला चहा सांडला.

बाकड्यावर आमच्या सासूबाई बसल्या होत्या. मांडीवर पर्स, दोन्ही हात पर्सवर. त्या दचकून उठल्या. दांडा त्यांच्याकडे वळला तसा आणखीच केकाटला.

मग माझं डोकं फिरलं. दोन वर्षं, पंप, वीज, शिट्टीबाईंच्या शिव्या, सगळं त्या एका क्षणी बाहेर पडलं.

"कशाला हात लावलात? सांगितलं होतं ना तीनदा! आत आला होतात का? ती डबी उघडली का?"

"नाही गं. मी जागची उठलेसुद्धा नाही."

"मग हे काय आहे? तुम्हाला घरी तर सवयच आहे सगळ्यात हात घालायची, इथेसुद्धा?"

त्यांनी दोन्ही हात पुढे केले, तळवे वर. शिट्टीबाईंनी ते धुवायला लावले, साबणाने, दोनदा. चपला काढायला लावल्या. पर्स तपासली, त्यात एक रुमाल, किल्ली आणि चिमणीची केसांची क्लिप. चिमणी म्हणजे माझी लेक. कशावरही शिट्टी नाही. आणि त्या नुसत्या उभ्या राहिल्या की दांडा ओरडतोय. शिट्टीबाईंनी दांडा डोक्यापासून खाली फिरवला. पोटाशी आवाज सगळ्यात मोठा. त्या थांबल्या आणि एकदम वेगळ्याच आवाजात म्हणाल्या, "आजी, स्वेटर काढता जरा?"

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मग एक बाही वर केली. कोपराच्या खळीत कापसाचा बोळा, वर चिकटपट्टी.

मला कळलं. आधीच कळायला हवं होतं, दुसऱ्या कुणाला नाही तरी मला. आमचं हे जे द्रव्य आहे ना, तेच दवाखान्यात साखरेला जोडून माणसाच्या शिरेत सोडतात. ती साखर कुठे जाऊन साठते ते बघतात. कशासाठी बघतात, तेही मला माहीत होतं.

"कधी झालं हे?"

"सकाळीच. काही नाही गं, साधी तपासणी."

"आई!"

"बगलेत गाठ लागली हाताला. तीन महिने झाले असतील."

"तीन महिने? आणि मी कुठे मेले होते? तुमचा मुलगा कुठे होता?"

"काय ते कळू दे आधी, मग सांगू म्हटलं. उगाच सगळ्यांच्या डोक्याला ताप. या आठवड्यात तू इकडे, तो त्याच्या कामात. कुणी विचारणार नव्हतं."

शिट्टीबाईंनी दांडा बंद केला. दादा चहा पुसण्याच्या निमित्ताने आत सटकले.

"पण इथे का आलात?" मी विचारलं. "घरी जाऊन पडायचं ना!"

"कशी जाऊ? दवाखान्यातली मुलगी म्हणाली, आजचा दिवस लहान मुलांपासून लांब राहा. चिमणी शाळेतून आली की मांडीवर उडीच मारते. शेजारणीकडे जावं तर ती पोटुशी. बागेत सगळी पोरंच. मग म्हटलं, तुझ्याकडे यावं. तुमच्याकडे सगळीकडे हेच असतं ना? विहिरीत तांब्याभर पाणी ओतलं तर कुणाला कळतंय?"

मी हसले की रडले, मला आठवत नाही. "अहो आई, या अख्ख्या आवारात हे पकडणारी एकच खोली आहे, आणि तुम्ही नेमकी तिच्याच भिंतीला पाठ लावून बसलात!"

"मला काय माहीत," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, लपेल."

मला भयंकर राग आला होता. त्यांचा, माझा, शेजारच्या गटाने नेलेल्या त्या विटांचा. सगळ्यात जास्त त्या पुढे केलेल्या हातांचा.

शिट्टीबाई जाताना म्हणाल्या, "तुमचं काही सांडलेलं नाही. प्रयोग चालू ठेवा. आजींना जरा लांब बसवा." मग परत वळून सासूबाईंना म्हणाल्या, "पाणी भरपूर प्या हं."

दादा नवा घाणा लावायला गेले. मी सासूबाईंना आवाराच्या पार टोकाला उभ्या असलेल्या माझ्या गाडीत नेलं, काचा खाली केल्या आणि शेजारी बसले. त्या म्हणाल्या, तू लांब बस. मी म्हटलं, माझ्या अंगात याहून जास्त गेलंय, गप्प बसा. डबा बरोबर आणला होता. तो त्यांच्यासमोर उघडून धरला. त्या इतक्या भुकेल्या होत्या की लगेच खायला लागल्या. दुसऱ्या घासाला थांबल्या.

"मीठ नाही गं यात."

"माहितीये."

"चाखता आलं नाही सकाळी. उपाशीपोटी या म्हणाले होते."

म्हणजे तपासणीला जायचं, पोटात अन्नाचा कण नाही, मनात काय चाललं असेल ते असेल, आणि ही बाई पहाटे उठून माझ्यासाठी भाजी परतत होती, कारण घरातून निघायला निमित्त हवं होतं. मी पाण्याची बाटली उघडून त्यांच्या हातात दिली. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "किती वेळ राहतं हे अंगात?"

"दोन तासांत निम्मं. मग त्याच्या निम्मं. रात्री चिमणीला कुशीत घेऊन झोपा खुशाल."

"आणि गाठ?"

ताऱ्याच्या पोटातल्या द्रव्याचा हिशेब मी झोपेतही सांगेन. "ते मला नाही माहीत, आई."

त्यांनी मान हलवली. "उद्या अकराला बोलावलंय. मी जाईन बसने."

"मी येणार आहे."

"वेड लागलंय का? उद्या तुझा शेवटचा दिवस ना मशीनचा? दोन वर्षं डोकं खाल्लंस सगळ्यांचं त्यावरून. काही नाही गं, मी जाईन की..."

"आणखी एकदा 'काही नाही गं' म्हणालात ना, तर बघा!" मी ओरडले. शेजारच्या गाडीवरचा कावळा उडाला. "एकदा तरी खरं सांगा. एकदा!"

डब्याचं झाकण त्यांनी लावलं, मग उघडलं, मग परत लावलं. चिकटपट्टी अजून हातावरच होती.

"भीती वाटते गं मला," त्या म्हणाल्या. "येशील?"

मी दादांना फोन लावला आणि उद्याचा दिवस माझ्याशिवाय चालवायला सांगितलं.