डालीखालचा कोंबडा

मी एक जुना गावठी कोंबडा आहे, मित्रांनो. जुना म्हणजे सात वर्षांचा. कोंबड्याने इतकी वर्षे काढली, तर त्यात त्याचे कर्तृत्व थोडे आणि माणसांची अडचण जास्त असते. माझे तसेच झाले.

माझा जन्म कट्टा गावाच्या अलीकडच्या एका वाडीत, विमलकाकीच्या अंगणात झाला. मला तुरा फुटला त्याच महिन्यात तिने वाडीच्या राखणदार देवाला नवस केला, "माझ्या सुदेशाक नोकरी गावली तर ह्यो कोंबो तुका देतंय." त्या दिवसापासून मी देवाचा झालो. मला कोणी दगड मारीना, कोणी विकत मागेना. सुदेश, म्हणजे तिचा मुलगा, मुलाखतीला निघाला की मला घास जात नसे. तो मान खाली घालून परतला की मी पोटभर जेवत असे. अशी सात वर्षे गेली. दुसऱ्याच्या बेकारीवर जगणे फार थकवणारे असते.

यंदा सुदेशला गोव्यात एका हॉटेलात नोकरी लागली. काकीने पुढचा बुधवार ठरवला आणि मी जगण्याचा हिशेब सोडून दिला.

पण त्याच आठवड्यात किनाऱ्यावरच्या सुरूच्या झाडांखाली कावळे मरून पडले. बर्ड फ्लू, बर्ड फ्लू म्हणून मोबाइल वाजू लागले. देवापुढे वाडीचे गाऱ्हाणे घालणारे भिकाजी मात्र हसले. "फ्लू बिलू काय नाय," ते म्हणाले. "मासळी खपाक व्हयी म्हणान कोणीतरी उठवलेली अफवा ती."

"मग बुधवारी ह्या कोंब्याचो राखणेचो रस्सो जेवूक येशात मां?" काकीने विचारले.

"बुधवारी? माका सोमवार आसा."

"सोमवार बुधवारी कसो?"

"ह्या वर्सा तसो इलो."

वाडीतल्या एकाचाही फ्लूवर विश्वास नव्हता आणि एकही जण जेवायला येणार नव्हता.

मंगळवारी सकाळी आमच्या कवडीने मान टाकली. कवडी म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांची कोंबडी, माझ्याहून वर्षाने लहान. काकी तिला मांडीवर घेऊन बोटाने पाणी पाजत बसली. दुपारी बाराच्या सुमारास पशुवैद्यकीय दवाखान्याच्या डॉक्टर तेजस्वी वाडीत आल्याची हाक आली. आजार ठरला तर वाडीतली सगळी कोंबडी मारून पुरणार, हे काकीला ठाऊक होते. तिच्याकडे अकरा होती. नवरा वारला आणि सुदेश गोव्याला गेला, तेव्हापासून तिच्याशी बोलणारी तेवढीच.

तिने कवडीला डालीखाली, म्हणजे कोंबड्या झाकायच्या बांबूच्या टोपलीखाली, ढकलले. मग माझ्याकडे पाहिले. देवाच्या कोंबड्याला सरकारच्या यादीत कसे घालायचे? तिने मलाही आत कोंबले आणि डालीवर पाटा ठेवला.

"काकी, कोंबडी आजारी आहे का कुठली?" डॉक्टरांनी अंगणात येताच विचारले.

"नाय गो बाय. सगळी बरी आसत."

"डालीखाली काय आहे?"

"नारळ."

आत काळोख होता. कवडीची मान माझ्या पंखावर कलंडली आणि तिथेच राहिली. मी तिला चोचीने ढोसले, ती हलली नाही. मित्रांनो, अशा वेळी काय करावे हे मला कोणी शिकवले नव्हते. मला एकच गोष्ट येते. भर दुपारी बारा वाजता मी आरवलो.

"आवाजावरून नारळ बरा वाटतो," डॉक्टर म्हणाल्या आणि त्यांनी पाटा उतरवला.

कवडीला पाहून त्यांचा चेहरा उतरला. त्या रागावल्या नाहीत, तेच काकीला जड गेले.

"सांगितला असता तर तुमी सगळीच न्हेली असती," काकी रडत म्हणाली.

"आणि लपवून काय झालं असतं? हिला पाणी कोणी पाजलं, काकी?"

काकी आपल्या हातांकडे बघत राहिली.

डॉक्टरांनी माझ्या आणि कवडीच्या घशातून बोळा फिरवून नमुने घेतले आणि ते लांबच्या प्रयोगशाळेत गेले. कवडीला चुना टाकून पुरले. आठ दिवस आमच्या अंगणातून पीस बाहेर जायचे नव्हते. काकीने तेवढ्या दिवसांत साबणाच्या तीन वड्या हातांवर झिजवल्या. भिकाजी रोज येत, तोंडाला टॉवेल गुंडाळून अंगणाच्या दगडी गडग्याबाहेर उभे राहत आणि तिथून ओरडून सांगत, "अफवा आसा गो! घाबरा नको!"

नवव्या दिवशी निकाल आला. बर्ड फ्लू नव्हता. मानमोडी होती, कोंबड्यांची नेहमीची साथ. तिच्यावर लस असते आणि ती काकीने आम्हाला टोचून घेतली नव्हती. तोवर आणखी तीन कोंबड्या गेल्या होत्या.

"मी सांगितलंय मां!" गडग्याबाहेरून आवाज आला.

"ह्या वेळी नव्हता," डॉक्टर म्हणाल्या. "पुढच्या वेळचं मला माहीत नाही. तुम्हालाही नाही."

राखणदाराला यंदा नारळ गेला. भिकाजींनी गाऱ्हाणे घातले, "बा म्हाराजा, ह्या वर्सा नारळार भागव, कोंबो फुडल्या वर्सा!" आणि सगळी वाडी "व्हय म्हाराजा!" इतक्या जोरात म्हणाली की मी दचकलो. रश्शातून सुटण्याचा आनंद माझ्याहून त्यांनाच जास्त झाला होता.

मित्रांनो, कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, ही म्हण तुम्ही पाठ केली असेल. माझ्यावर ती करून पाहिलेली आहे. तुमच्या अंगणात एखाद्या पाखराने मान टाकली, तर खुशाल घाबरा किंवा हसा, पण हात लावण्याआधी डॉक्टरांना सांगा. टोचायची लस वेळेवर टोचा. डालीखाली नारळ आहेत असे म्हणू नका. पहाटे आरवायचे काम मी अजून करतो. दुपारचे आता तुम्ही बघा. मी दमलो आहे.