माझ्याकडून गळलेले अक्षर

मित्रांनो, मी एक जुना कीबोर्ड आहे. हल्लीचे कीबोर्ड पातळ आणि मुके असतात. मी जाडजूड आणि बोलका. माझ्या प्रत्येक कळेखाली एक छोटी स्प्रिंग आहे, त्यामुळे कळ दाबली की खट् असा स्वच्छ आवाज येतो. कारखान्यात एका तपासनिसाने मान तिरकी करून माझी एकेक कळ ऐकली, माझ्या पाठीवर गोल चिठ्ठी चिकटवली आणि मला खोक्यात घातले. ते खोके उघडले ते एका रक्तपेढीच्या दुसऱ्या मजल्यावर.

ज्यांनी उघडले त्यांना सगळे नुसते ‘बाई’ म्हणत. रक्तपेढीचा सगळा प्रोग्राम बाईंनी एकटीने लिहिला होता. कोणत्या गटाच्या किती पिशव्या आहेत, कोणत्या फ्रिजमध्ये आहेत, कोणती आधी वापरायची, हे सारे तो प्रोग्राम सांगायचा. बाईंची प्रोग्रामची भाषा अगदी साधी होती. मोजके शब्द, सरळ वाक्ये. पडदाही तसाच, काळ्यावर पांढरी अक्षरे, बाकी काही नाही. बाई ओळ लिहीत आणि पुटपुटत वाचून पाहत. जिभेला अडखळली की ती ओळ पुसून पुन्हा लिहीत. माझा खटखटाट आणि त्यांचे पुटपुटणे, असा आमचा दिवस जायचा. किती वर्षे गेली कोणास ठाऊक. माझ्या कळांवरची अक्षरे पुसट झाली, बाईंच्या चष्म्याचा नंबर वाढला. खालच्या मजल्यावरच्या प्रत्येकाला वाटायचे की प्रोग्राम कधी चुकतच नाही. ते ऐकून मी आतल्या आत फुगायचो.

एकदा माझ्या अंगावर चहा सांडला. बाईंनी मला उलटे केले, कापसाने पुसले, खिडकीत वाळवले. मी पुन्हा कामाला लागलो. पण उजव्या तर्जनीखालची ‘एन’ची कळ तेव्हापासून जड झाली. हळू दाबली तर उमटायची. घाईत दाबली तर कधी उमटायची, कधी नाही. बाईंना याची इतकी सवय झाली की त्या कळेवर त्यांचे बोट आपोआप जोरात पडू लागले. ही सवय आहे, दुखणे नाही, असे मीही स्वतःला समजावले.

मग एक नवे प्रोग्रामर आमच्या खोलीत आले. पस्तिशीचे, दोन जुळ्या मुलींचे बाबा. त्यांच्या पडद्यावर रंगच रंग. डावीकडे फायलींची यादी, उजवीकडे सगळ्या प्रोग्रामचा छोटा नकाशा, खाली सूचना. अर्धा शब्द लिहिला की उरलेला आपोआप पुढे यायचा. जिथे काही खटकेल तिथे लाल नागमोडी रेघ उमटायची. बाईंनी पहिल्याच दिवशी त्यांचे नाव ‘सजावट’ ठेवले, आणि त्यांनीही ते हसत पत्करले.

दोघांचे पटायचे, पण वाद रोजचा.

“तुमचं ते दुकान उघडेपर्यंत माझ्या चार ओळी लिहून होतात,” बाई म्हणायच्या.

“बाई, तुम्ही दिवा न लावता घरभर फिरता.”

“माझंच घर आहे. कुठे काय ठेवलंय ते मला ठाऊक आहे.”

“आणि कुणी मधे स्टूल ठेवलं तर?”

“माझ्या घरात स्टूल मीच ठेवते,” असे म्हणून बाई माझ्याकडे वळायच्या. मला तेव्हा फार बरे वाटायचे. सजावट यांचा कीबोर्ड चकचकीत होता, आणि खरे सांगायचे तर मला त्याचा थोडा हेवा वाटायचा.

एके दिवशी रक्तपेढीत नवा फ्रिज आला. त्यातल्या पिशव्याही मोजल्या जाव्यात म्हणून बाई दुपारी प्रोग्राममध्ये बदल करायला बसल्या. त्यांना लवकर निघायचे होते. वडिलांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचे होते. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी पुटपुटत वाचले नाही. प्रोग्राममध्ये प्रत्येक गटाच्या आकड्यासाठी नाव दिलेला एक डबा असतो. त्यातल्या एका नावात दोन ‘एन’ लागोपाठ यायला हवे होते. बाईंचे बोट दोनदा पडले. माझी कळ एकदाच उमटली.

मित्रांनो, मला ते कळले होते. पण मी कीबोर्ड. मला सांगता कुठे येते?

बाईंनी चार-पाच गट तपासून पाहिले, आकडे बरोबर आले, आणि त्या पर्स उचलून निघाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास रुग्णालयाच्या प्रसूती विभागातून खालच्या मजल्यावर फोन आला; पुढचे सगळे मला नंतर खोलीतल्या बोलण्यातून कळले. एका बाळंतिणीला खूप रक्तस्राव होत होता. ओ निगेटिव्ह रक्त हवे होते, ताबडतोब. रक्त देण्याच्या खिडकीवर बसणाऱ्या ताईंनी पडद्यावर पाहिले. साठा शून्य. त्यांचा हात फोनकडे गेला. दुसऱ्या रक्तपेढीतून मागवायचे तर तासभर तरी लागणार होता.

फ्रिजचे काम पाहणारे मामा तिथेच उभे होते. “शून्य कसा?” ते म्हणाले. “काल संध्याकाळी जुन्या फ्रिजमधल्या याच गटाच्या पाच पिशव्या मी माझ्या हातांनी नव्यात ठेवल्या.”

“मामा, इथे शून्य दाखवतंय.”

“दाखवू दे. मी बघून येतो.”

मामा धावत गेले. पाचही पिशव्या जागेवर होत्या. रक्त वेळेवर पोचले. दुपारी निरोप आला, आई सुखरूप आहे, मुलगी झाली. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. पण मामा आज सुट्टीवर असते तर, हा एकच विचार आमच्या खोलीत फिरत होता.

बाईंनी कालच्या ओळी पडद्यावर काढल्या. एकदा वाचल्या, दोनदा वाचल्या, तिसऱ्यांदा पुटपुटत वाचल्या. काही सापडेना. आपले लिखाण वाचताना डोळे समोरचे वाचत नाहीत, मनातले वाचतात.

सजावट खुर्ची ओढून जवळ आले. “बाई, माझ्याकडे उघडून बघू का?” त्यांनी इतक्या हळू विचारले की जणू परवानगीच मागत होते.

“बघा,” बाई म्हणाल्या.

सजावट यांचे दुकान नेहमीसारखे सावकाश उघडले. रंग भरले, याद्या लागल्या, आणि एका नावाखाली लाल नागमोडी रेघ उमटली. त्या नावात एक ‘एन’ कमी होता. बाईंची साधी भाषा अनोळखी नाव दिसले तर तक्रार करत नसे. नवा रिकामा डबा समजून पुढे जायची. पाच पिशव्यांचा आकडा त्या चुकीच्या नावाच्या डब्यात पडला होता, आणि पडद्यावर खऱ्या डब्यातले शून्य दिसत होते.

“चूक माझी,” बाई म्हणाल्या. “नेहमीचं वाचणं मी काल केलं नाही.”

सजावट यांनी त्या रेघेवर बोट ठेवले. मग म्हणाले, “रेघ यंत्राने दाखवली खरी. पण ती दिसताच मला सगळं समजलं, कारण तुम्ही इतकं सरळ लिहिलंय. माझ्या प्रोग्राममध्ये हेच शोधायला मला सात फायली उघडाव्या लागल्या असत्या. शिवाय यंत्राने सुचवलेला शब्द मी न वाचता ठेवून देतो, तेही आहेच.”

बाईंनी ते नाव दुरुस्त करायला माझ्यावर बोट ठेवले. ‘एन’ दाबला. उमटला नाही. त्या थांबल्या. त्यांनी ती कळ दहा वेळा दाबली आणि उमटलेली अक्षरे मोजली. सात होती. त्यांनी माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत राग असता तर मला सोपे गेले असते.

संध्याकाळी माझ्या जागी नवा कीबोर्ड आला आणि मी कपाटात गेलो. कपाटाचे दार अर्धवट लागायचे, त्यामुळे मला खोली दिसायची. बाईंनी आपला काळा पडदा सोडला नाही, पण त्यात लाल रेघेची सोय सजावट यांच्याकडून जोडून घेतली. रंग आणि नकाशे मात्र नको म्हणाल्या. सजावटही बदलले. लिहून झाले की तेही पुटपुटत वाचू लागले, अगदी बाईंसारखे. जुनी माणसे ‘आमच्या वेळी’ म्हणून सुस्कारा टाकतात ना, तसे मला त्या दिवसांत वाटायचे. माझ्याशिवाय खोलीत सारे सुरळीत चालले होते, आणि तेच मला टोचत होते.

निवृत्त होण्याच्या आठवड्यात बाईंनी मला बाहेर काढले. टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यांनी माझ्या सगळ्या कळा उपटल्या, एकेक धुतली, ओळीने मांडली. ‘एन’खालची स्प्रिंग गंजून वाकली होती. तशी स्प्रिंग आता बाजारात मिळत नाही. मग त्यांनी वरच्या कोपऱ्यातली एक कळ निवडली, जी इतक्या वर्षांत कुणी दाबली नव्हती, आणि तिची कोरी करकरीत स्प्रिंग ‘एन’खाली बसवली.

“बाई, आता कशाला एवढा खटाटोप?” सजावट म्हणाले. “नवा आहे की.”

“इतकी वर्षं वापरला, पण याच्याकडे नीट बघितलं कधी?” बाई म्हणाल्या. “जड लागते तर जोरात दाबायची, एवढंच केलं मी.”

त्यांनी मला सजावट यांच्या हातात दिले. “मुलींना शिकवणार आहात ना? यावर शिकवा.”

आता मी सजावट यांच्या घरी असतो. मुली आळीपाळीने माझ्यावर साधे, छोटे प्रोग्राम लिहितात. एकीला लाल रेघ हवी असते, दुसरी म्हणते, मला आधी स्वतः शोधू दे. त्यांचा वाद ऐकताना मला दुसरा मजला आठवतो आणि मन भरून येते.

मित्रांनो, तुमची साधने साधी असोत की सजलेली, ज्याला जे जमते त्याने ते घ्यावे. माझे मागणे एवढेच आहे. जी वस्तू तुम्हाला फार आवडते, तिला अधूनमधून उलटी करून बघा, तिची एकेक कळ ऐका. ती अडखळायला लागली तर जोर वाढवू नका. थांबा आणि तिला काय झाले आहे ते विचारा. आम्हाला उत्तर देता येत नाही, पण दहा वेळा दाबून मोजलेत तर आम्ही खोटे बोलत नाही.