तंबूतला खोकला

दसरा नुकताच झाला होता, तरी शेगावच्या बाजारात सणाची कळा नव्हती. निम्मी दुकानं उघडलीच नव्हती. शाळेत मुलं येईनाशी झाल्यावर हेडमास्तरांनी सुट्टी देऊन टाकली, आणि नीळकंठ मास्तर दुपारीच घरी आला तो खुशीत.

"आज बायस्कोप पाहायचा," तो शारदेला म्हणाला. "जेवणही बाहेरच. चूल पेटवू नकोस."

लग्न होऊन या गावात आल्यापासून शारदा याच दिवसाची वाट पाहत होती. किसनराव नावाचा कोणी एक माणूस स्वतःचा तंबू आणि स्वतःचं मशीन घेऊन गावोगाव फिरतो, आणि त्याच्या पडद्यावर माणसं चालतात-पळतात, एवढं तिने ऐकलं होतं. तिने ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं. पण ओटा उतरताना शेजारच्या घरातून कोणीतरी कण्हलं आणि तिचं पाऊल अडलं.

"तापाची साथ आहे म्हणतात."

"ती मुंबईकडे. इथं थंडी लागली म्हणून पडसं आहे लोकांना," नीळकंठ म्हणाला आणि पुढे झाला.

आधी हलवायाकडे गरम जिलबी खायची, असं त्याने ठरवलं होतं. दुकानाच्या फळ्या लावलेल्या होत्या. बाहेरच्या बाकावर पाकाची परात तशीच राहून गेली होती आणि तिच्यात माश्या अडकून मेल्या होत्या. फळ्यांच्या आड कोणी खोकत होतं, थांबत होतं, पुन्हा खोकत होतं. नीळकंठने हाक मारली. ओ आली नाही.

मग ते स्टेशनाच्या वाटेवर वच्छलाबाईच्या खानावळीत गेले. दर्शनाला येणाऱ्या बायामाणसांचा तिथं राबता असे, त्यामुळे शारदेला संकोच वाटायचं कारण नव्हतं. एरवी पंगत उठायची वाट पाहावी लागे. आज कोपऱ्यात एकच म्हातारा वाटीतल्या कढीकडे बघत बसला होता. वच्छलाबाईने डोक्याला फडकं करकचून बांधलं होतं. डोळे लालबुंद.

"वाढपी कुठे गेला तुमचा?" नीळकंठने विचारलं.

"घरी पडला हाये. बायको बी पडली त्याची. दोघाईले पाणी द्याले कोणी नाही."

तिने भरीत वाढलं, भाकर टाकली. टाकताना तिचा हात शारदेच्या मनगटाला लागला. तव्याचा चटका बसावा तसा तो हात होता.

"बाई, तुम्हाला ताप आहे."

"चुलीपाशी बसली होती ना मी." वच्छलाबाई भिंतीला टेकली. "खेळाले चालले काय? नोका जाऊ."

"का हो?"

"मन घेत नाही, बाई. दुसरं काई सांगता येत नाही मले."

शारदेने नवऱ्याकडे पाहिलं. तो हसला. "दोन दिवसांत तंबू हलेल. मग वर्षभर बायस्कोप नाही." तिलाही पाहायचं होतंच. भाकर अर्धी टाकून ती उठली.

तंबू कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या मैदानात होता. दारावर किसनराव स्वतःच तिकिटं फाडत होता, उंच, फेटेवाला, गोड बोलणारा. आजूबाजूच्या खेड्यांतून गाड्या जुंपून लोक आले होते. तंबू गच्च भरला होता. मधे कापडाची कनात, एका अंगाला बाया, दुसऱ्या अंगाला पुरुष. शारदा कनातीच्या शेवटाला बसली. तिथून मशीन दिसत होतं आणि पलीकडे बसलेला नीळकंठही. मशीनचं हँडल फिरवायला पुंजाजी नावाचा वाळका माणूस होता.

इतर गावांत म्हणे खेळाबरोबर पेटी-तबला वाजे. इथं काहीच वाजत नव्हतं. अंधार झाला आणि हँडलची खटखट तेवढी ऐकू येऊ लागली. तिच्यावरून खोकल्याचे आवाज, एक इथून, एक तिथून.

पडद्यावर घोडे पळाले. फौज चालत गेली. मग समुद्र आला. शारदेने समुद्र कधी पाहिला नव्हता. लाटा फुटून अंगावर येत होत्या आणि ती सगळं विसरून पाहू लागली. बघता बघता लाटा सावकाश यायला लागल्या. आणखी सावकाश. एक लाट अर्ध्यात उभी राहिली ती खाली येईचना. समुद्राच्या मधोमध तपकिरी डाग पडला, तो फुगला आणि त्यातून पांढरा उजेड फाकला.

बाया किंचाळल्या. शारदेने मागे वळून पाहिलं. पुंजाजी हँडलवर पडला होता आणि त्याच्या डोक्याशी फिल्म पेटली होती.

किसनरावाने झडप घालून फिल्म तोडली, बादलीतली वाळू ओतली. नीळकंठ एव्हाना धावला होता. त्याने पुंजाजीला काखांत हात घालून बाहेर ओढलं, मातीवर निजवलं. "याला पाणी दे," तो मागोमाग आलेल्या शारदेला म्हणाला.

आत लोक ओरडत होते. किसनराव हात जोडून आला. "मास्तर, तुमी शिकले-सवरलेले. हँडल फिरवा. खेळ बंद पडला तं लोकं तंबू फाडतीन."

नीळकंठच्या डोळ्यांत मशीनची हौस दिसत होतीच. तो आत गेला. जरा वेळाने खटखट पुन्हा सुरू झाली.

शारदेने तांब्या पुंजाजीच्या ओठाला लावला. ओठ निळसर झाले होते.

"पेटीवाला मलकापुरात राह्यला," तो म्हणाला. "तबलजी नांदुऱ्यात."

"राहिला म्हणजे?"

"जाळलं आमी दोघाईले." त्याला खोकला आला, हातावर रक्त दिसलं. "आमी तंबू ठोकला तवा ते गावं चांगले होते, बाई. आमी निघालो तवा घराघरात लोकं पडून राह्यले होते."

"किसनरावांना माहीत आहे?"

"हाव. कोणाले बोलू नको म्हणे."

शारदेने तांब्या खाली ठेवला. ती उठली. आत जाऊन कनातीच्या कडेने चालत ती थेट पडद्यापुढे गेली आणि उजेडात उभी राहिली. तिची सावली पडद्यावर भली मोठी पडली. कोणी शिट्टी मारली, कोणी शिवी दिली.

"घरी जा," ती म्हणाली. आवाज फुटेना, म्हणून पुन्हा म्हणाली. "यांची माणसं तापानं मेली आहेत. ते जिथं खेळ करतात तिथं साथ पसरते. लेकरं घेऊन घरी जा."

"मास्तर, बाईले आवरा," किसनराव म्हणाला.

नीळकंठने हँडल सोडलं. टोपी काढून दिव्यासमोर धरली. सगळीकडे काळोख झाला, आणि त्या काळोखात तंबूभर खोकला ऐकू आला. पडसं म्हणावं इतका थोडा तो नव्हता. एका बाईने मूल उचललं आणि ती बाहेर पडली. तिच्यामागे दुसरी. मग सगळेच उठले.

किसनराव रागावला नाही. त्याने शांतपणे दिवा उतरवला. "मी सकाळी जातोच हाये," तो म्हणाला. "पुढच्या गावाले तुमची बायको थोडीच येणार."

पुंजाजीला त्यांनी धर्मशाळेत नेलं. पहाटेपूर्वीच तो गेला. मैदानात तोवर नुसते खुंट्यांचे खड्डे उरले होते. किसनरावाच्या गाड्या बाळापूरच्या रस्त्याला लागल्या होत्या.

नीळकंठ स्टेशनावर धावला. बाळापूरला जवळचं स्टेशन पारस. तिथं तार करा, तिथले लोक बाळापुरात निरोप पोचवतील, असं त्याने तारबाबूला विनवलं. तारबाबूने यंत्रावर पारसला पुन्हा पुन्हा बोलावलं, उत्तराची वाट पाहिली, परत बोलावलं.

"कोणी घेत नाही," तो शेवटी म्हणाला. "कालपासून घेत नाही."

नीळकंठ घरी आला आणि त्याने हे शारदेला सांगितलं. ती ऐकून घेत होती, पण तिचं लक्ष त्याच्या ओठांकडे होतं. ते हुडहुडीने थरथरत होते.

"बसा," ती म्हणाली, आणि घोंगडी काढायला आत गेली.

दिवाळीपर्यंत ती घोंगडी उचलली गेली नाही. नीळकंठ वाचला. वच्छलाबाई वाचली नाही, आणि तिला खांदा द्यायला पुरेशी माणसं तिच्या गल्लीत उभी राहू शकली नाहीत.