चुकार

अंगठा बटणावर टेकवला आणि प्रियदर्शनीने पुन्हा उचलला. मांडीवर शालू पेंगत होती. दात येत होते म्हणून कालपासून तिचं अंग कोमट लागत होतं. प्रियदर्शनीने तिच्या कपाळावर हात ठेवला. मघाइतकंच. मग परत मोबाइलकडे पाहिलं. पडद्यावर उन्हातला माळ होता, माळावर एक मेंढा उभा होता आणि त्याच्या पायाशी दोन चौकोन: ‘मिळालं’ आणि ‘तक्रार आहे’.

मेंढा काढणाऱ्याने जीव ओतून काढला होता. वाऱ्याबरोबर लोकर हलत होती, कान झटकल्यासारखे होत होते. फक्त तो बाशिंग्या नव्हता.

बाशिंग्याच्या कपाळावर पांढरा पट्टा होता, दोन्ही कानांकडे उतरत गेलेला, नवरदेवाच्या बाशिंगासारखा. पडद्यावरचा मेंढा नाकापासून शेपटीपर्यंत काळा होता.

पुण्याच्या चार पोरांनी मेंढपाळांच्या वाटांवर एक व्हिडिओ गेम करायला घेतला होता, लोकांच्या वर्गणीतून. जो मोठी वर्गणी देईल त्याचं एक जनावर नावासकट गेममध्ये येणार, असं त्यांनी कबूल केलं होतं. ती जाहिरात प्रियदर्शनीनेच सासऱ्यांना, राधाकिसनला, दाखवली होती. गुडघ्यांनी दगा दिल्यावर त्याने कळप विकला होता आणि जाफराबादच्या एका जिनिंग मिलच्या फाटकावर राखणदारीला लागला होता. कळपापुढे चालणारा म्हातारा बाशिंग्या तेवढा त्याने दारात ठेवून घेतला होता. त्याच्या नावाने राधाकिसनने मोठी वर्गणी भरली आणि फोटो काढायच्या दिवशी त्याला अंघोळ घातली. प्रियदर्शनीने चारी बाजूंनी फोटो काढले, ओरडणंही मोबाइलमध्ये भरून पाठवलं. त्याच वर्षी थंडीत बाशिंग्या मेला.

तेव्हापासून कामावरून आला की राधाकिसन विचारायचा, “आला का गं?”

“येऊन राह्यला, मामंजी. वाटेत आहे,” ती म्हणायची. म्हणता म्हणता गेमची तारीख टळली, मग पुढची टळली, मग पोरांनी तारखा द्यायचंच बंद केलं.

वर्गणीदारांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता. त्यात कुणी ग्राहक कायद्याची कलमं टाकायचा. कुणी त्याला उलट सुनवायचा की अटी वाचा, आपण काही विकत घेतलेलं नाही, मदत केली आहे, बक्षीस मिळेल तेव्हा मिळेल. प्रियदर्शनी पदवीधर होती. तिने अटी पुन्हा पुन्हा वाचल्या होत्या. हक्क सगळ्यांना होते. ते घेऊन कुणाच्या दारात उभं राहायचं तेवढं कुठे लिहिलेलं नव्हतं.

आणि काल अचानक निरोप आला होता. आमची टीम मोडली आहे, जेवढं झालं तेवढं तुमच्या हवाली करतो. आपापली लिंक उघडा. ‘मिळालं’ दाबलं की तुमचा आमचा हिशेब मिटला. ‘तक्रार’ दाबली तर लिंक बंद होईल आणि परताव्याचा विचार केला जाईल. मुदत आज संध्याकाळपर्यंत.

विचार केला जाईल! म्हणजे तक्रार केली तर हाही मेंढा जाणार. मग फाटक उघडून सासरे आत येणार, हातपाय धुणार आणि विचारणार. एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, प्रियदर्शनीने स्वतःला समजावलं. पडदा एवढासा. त्यांना काय कळणार?

तिने दाबलं. पडद्यावर हिरवी खूण उमटली.

“तोंड का असं केलं गं?” मेथी निवडता निवडता आसराबाईंनी विचारलं. सुनेचा चेहरा त्यांच्या नजरेतून सुटत नसे. “लेकरू तापलं का?”

“नाही आई. बाशिंग्या आला.”

“आला का एकदाचा!” आसराबाईंनी काडी बाजूला फेकली. “त्या मेंढ्याची वाट पाह्यली तेवढी ह्या माणसानं माझी कधी पाह्यली न्हाई. बाळंतपणाला माहेरी गेल्ते, तर न्यायला दिराला धाडलं. मेंढरं सोडून कसं यावं म्हणे!”

प्रियदर्शनी हसली, पण हसताना तिने पडद्याचा उजेड हळूच कमी केला.

ऊन कलायच्या आधी राधाकिसन आला. काठी भिंतीला टेकवली, पायांवर पाणी घेतलं. आज त्याने विचारायच्या आधीच तिने मोबाइल पुढे केला. त्याने धोतराला हात कोरडे केले, मोबाइल लांब धरला, जवळ आणला, तिरपा केला. प्रियदर्शनी त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. तिचा हात शालूच्या पाठीवर उगीच जोरात पडत होता, पोर कुरकुरलं.

“वा,” राधाकिसन म्हणाला. “गुणाचा हाये. पाय बरे हायेत.”

“बाशिंग्याच की, मामंजी.”

त्याने मोबाइल पुन्हा डोळ्यांजवळ नेला.

“न्हाई गं,” तो हळूच म्हणाला. “हा दुसऱ्याचा.”

“कपाळाचा पट्टा काढायचा राहिला असेल त्यांचा, बाकी—”

“पट्ट्याचं सोड. हा उभा कसा हाये बघ, माणसाकडं तोंड करून. घरात वाढलेला हाये हा, कुणाच्या तरी हातचं खाऊन. आपला कळपापुढचा होता. तो कधी मागं वळायचा का?”

प्रियदर्शनीने शालूचं अंगडं नीट केलं. ते नीटच होतं.

“मी मिळालं म्हणून कळवून बसले,” ती म्हणाली. “मला दिसलं होतं तरी. म्हटलं, तुम्हाला... आता काही मागता येणार नाही, मामंजी. आपला हक्क गेला.”

आसराबाईंचे हात मेथीवर थांबले. राधाकिसनने मोबाइलवरची धूळ बोटाने पुसली.

“ह्याचा मालक कोण?”

“काय माहीत.”

“मंग इचार की. हुडकत असंल ना कुणीतरी ह्याला.” त्याने मोबाइल तिच्याकडे दिला, जपून, दोन्ही हातांनी. “कळपात चुकार जित्राब शिरलं तर त्याची लोकर कातरायची न्हाई, इकायचं न्हाई. बाजारात सांगावा धाडायचा आन मालक येईस्तोवर सांभाळायचं. माझ्या बापानं एकाची मेंढी अशीच ठेवली होती. आला तव्हा कोकरासकट दिली.”

“घ्या!” आसराबाई म्हणाल्या. “आपलं गेलं त्याचं काई न्हाई, लोकाच्याची काळजी.”

“तू गप.”

“लग्न झाल्यापून गपच हाये मी!”

प्रियदर्शनीने ग्रुप उघडला. तिथे मुदतीवरून रणकंदन चाललं होतं. त्या गर्दीत आपण होऊन मूर्ख ठरायचं तिच्या जिवावर आलं. तिने टाइप केलं: ‘मी मिळालं असं कळवलं, पण हा मेंढा आमचा नाही. पूर्ण काळा आहे, घरात वाढलेला वाटतो. कुणाचा आहे? आमच्याकडे सुखरूप आहे.’ शेवटचं वाक्य तिने पुसलं. सासरे समोरच बसले होते, तिच्या बोटांकडे बघत. तिने ते परत लिहिलं, मेंढ्याचा फोटो जोडला आणि पाठवलं.

‘ताई, दाबायलाच नको होतं तुम्ही,’ लगेच एकाने लिहिलं. ‘आता कायद्याने काही होत नाही.’

मोबाइल पालथा घालावा म्हणून तिने हात नेला, तेवढ्यात तो पुन्हा वाजला. अनोळखी नंबर, खाली चित्र. ‘मी आमची गाय दिली होती. मला ही शेळी आलीय. हिचं कोण आहे का?’ त्याच्या मागोमाग एक कुत्रा. मग शिंगं रंगवलेला एक बैल: ‘हा सापडलाय, खूप देखणा आहे, घेऊन जा.’ कलमं टाकणाऱ्या माणसानेही एका शिंगराचं चित्र टाकलं.

प्रत्येक चित्र प्रियदर्शनी बोटांनी मोठं करून बघत होती. काळं अंग, पांढरा पट्टा. बाशिंग्या कुठेच नव्हता. चित्र बघून झालं की ती चोरून सासऱ्यांकडे बघे.

राधाकिसनने खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला होता.

“ती शेळी मागं घे,” तो म्हणाला. “गाभण हाये ती. व्यायला जवळ आलीय. मोकळी सोडू नका म्हणावं. लिही.”

“मामंजी, गेम आहे हो तो.”

“लिही तर.”

तिने लिहिलं: ‘आमचे सासरे म्हणतात, शेळी गाभण आहे. मोकळी सोडू नका.’ पाठवलं आणि आता कोण काय हसतंय म्हणून खालचा ओठ दातांत धरला.

मग मंठ्याहून कुणी काकासाहेब म्हणून होते, त्यांचं आलं: ‘माझी आहे. फोटो काढला तेव्हा गाभणच होती. आमच्या घरच्यांशिवाय हे कुणालाच माहीत नव्हतं.’

प्रियदर्शनीने मोठ्याने वाचून दाखवलं. मेथी तशीच टाकून आसराबाई पाठीमागे येऊन वाकल्या होत्या.

राधाकिसनने फक्त मान हलवली.

“पुढचं दाखव,” तो म्हणाला.

मांडीवर शालू जागी होऊन हात पसरत होती. प्रियदर्शनीने तिला दुसऱ्या मांडीवर घेतलं, सासऱ्यांसाठी सरकून जागा केली आणि पडद्याचा उजेड पुरता वाढवला.