पाठीवरचा तळहात

पापडी गावात कोण कधी काय करील, हे कार्मिन आधीच सांगून मोकळी व्हायची आणि बहुतेक वेळा तसंच घडायचं. कुणाची सून सहा महिन्यांत चूल वेगळी मागेल, प्रवचनातल्या कुठल्या वाक्याला पहिल्या बाकावरची बाई पदर डोळ्यांना लावील, सगळं तिला पाठ. भावजयीचाही, म्हणजे भाऊ रुडॉल्फच्या बायकोचा, क्लेमेंटीनचा निकाल तिनं मनातल्या मनात लावून टाकला होता. ही नाही म्हणणार.

त्र्याऐंशीच्या पावसाळ्याआधी मुंबईच्या हॉस्पिटलात गाठीपायी क्लेमेंटीनची डावी छाती काढली होती. वर किरणांचे शेक दिले. दीड वर्षानं तपासणी चांगली आली, तेव्हा तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "छाती पुन्हा करून हवी का?" नुसती सिलिकॉनची पिशवी आत घालता येणार नव्हती, शेकांनी कातडी ताठली होती. पाठीच्या डाव्या बाजूचा रुंद स्नायू कातडीसकट सोडवून काखेखालून पुढं आणायचा आणि त्याच्याखाली छोटी पिशवी ठेवायची, असा बेत होता. नाहीतर मग लेक बेटीनं शिवून दिलेलं कापसाचं पॅड होतंच, आतून पिना लावून रोज वापरायचं.

"पण एक सांगून ठेवते," बाई म्हणाल्या, "ओढायची, खेचायची कामं त्या हातानं पहिल्यासारखी होणार नाहीत. विचार करा. गुरुवारी सांगा."

घरी आल्याबरोबर बेटी म्हणाली, "आई, करून टाक." ती बँकेत लागल्यापासून प्रत्येक गोष्ट करून टाकायच्या मताची झाली होती.

रुडॉल्फ ताटात बघत म्हणाला, "मला काय, तू आहेस तशी..."

"तुला विचारलं नाही, रुडॉल्फ. तुला सांगितलं."

कार्मिनला तर कुणी काहीच विचारलं नव्हतं, म्हणून ती बोलली. "शेहेचाळीस वर्षांची झालीस. आता कुणाला दाखवायचंय, देवळाच्या घंटेला?"

"घंटेनं दोन होत्या तेव्हाही वळून बघितलं नाही, कार्मिनबाय," क्लेमेंटीन म्हणाली आणि तिला आणखी भात वाढला.

कार्मिनच्या अंदाजाला आधार होता. लग्नाच्या आदल्या दिवशी नवरानवरीच्या आंघोळीचं पाणी विहिरीवरून वाजतगाजत आणायची गावची रीत. पहिली बादली एकाच बाईनं एका दमात ओढायची. दोर मध्ये थांबला की बायकांना वर्षभर पुरेल एवढं बोलायला मिळतं. या आळीत अठरा वर्षं तो मान क्लेमेंटीनचा होता. ऑपरेशननंतरही दोन लग्नांचं पाणी तिनं थांबल्याशिवाय ओढलं होतं. असा मान पाठीतून कापून कोण देईल? शिवाय मे महिन्यात कार्मिनच्याच मुलाचं, फेबियनचं लग्न होतं. पण हे कार्मिननं कुणाला बोलून दाखवलं नाही. स्वतःचं घोडं पुढं दामटणाऱ्यांना ती लांबून ओळखायची.

रविवारी देवळातली मिस्सा आटोपल्यावर क्लेमेंटीननं तिला विहिरीवर बोलावलं.

"तुझा हात दे. इथं ठेव." तिनं कार्मिनचा तळहात आपल्या पाठीवर ठेवला, डाव्या काखेमागं, जरा खाली. "डॉक्टरीणबाईंनी इथून कमरेपर्यंत बोट फिरवून दाखवलं होतं. आता मी पाणी ओढते. तुला काय लागतं ते सांग. मला बरं वाटावं म्हणून बोलू नकोस."

कप्पी कुरकुरली. कार्मिनच्या तळहाताखाली काहीतरी उसळलं. पाचूबंदरला टोपलीतला मोठा मासा अजून जिवंत असला की शेपटी मारतो, तसं.

"अगं बाई! हात ढकलतोय माझा!"

"किती?"

"किती म्हणजे? सगळं ओढणं हाच करतोय."

क्लेमेंटीननं आणखी तीन बादल्या ओढल्या. मग तिनं पाय रोवले, उजवा हात वर घेतला, डाव्यानं दोर नुसता धरून ठेवला आणि अंगाचा भार देऊन खेचलं. "आता?"

"आता गप्प आहे."

पाचवी बादली अर्ध्यात अडकली. सहावी वर आली, पण निम्मी सांडून. सातवीला क्लेमेंटीन घामानं निथळली होती. पाणी केळींच्या आळ्यांत सोडून ती कठड्याला टेकली.

"कळलं ना?" कार्मिन समाधानानं म्हणाली. "याच्यावर सगळा कारभार आहे. राहू दे जागच्या जागी."

"कळलं. कळावं म्हणूनच केलं. द्यायचंय ते काय आहे, हे हाताला लागल्याशिवाय कसं द्यायचं?"

"द्यायचंय म्हणजे?"

"ऑपरेशन करणार मी."

कार्मिनचा हात अजून तिच्या पाठीवरच होता. तो तिनं काढून घेतला. "रुडॉल्फसाठी?"

"रुडॉल्फ दिवा मालवून झोपतो. माझ्यासाठी. दीड वर्ष झालं, डाव्या बाजूला साबण लावते तो दाराकडं बघत. मला खाली बघून आंघोळ करायचीय, कार्मिनबाय. एवढंच."

"आणि फेबियनचं पाणी?" तोंडातून निघालंच.

"ते मीच ओढणार. ऑपरेशन त्याच्यानंतर. पुढच्या लग्नांचं तू ओढ."

"मी? साठीला आले मी!"

"अठ्ठावन्न. तुझा बाप्तिस्म्याचा दाखला मीच आणला होता, विसरलीस?"

कार्मिनला हसू आवरेना. आयुष्यभर तिनं माणसं पाहिली होती. स्वतःला हवं असलेलं नवऱ्याच्या नावावर घेणारी, मुलांच्या नावावर घेणारी, अगदी देवाच्याही नावावर खपवणारी. ही बाई आपलं हवं ते आपल्याच नावानं मागत होती, आणि त्याची किंमत सात बादल्या ओढून आधी तपासून घेत होती. असा हिशेब कार्मिनलाही जमला नसता.

गुरुवारी तिघं हॉस्पिटलात गेली. कारकुनानं परवानगीचा कागद सवयीनं रुडॉल्फपुढं सरकवला. रुडॉल्फनं खिशातून चष्मा काढेपर्यंत क्लेमेंटीननं कागद आपल्याकडं ओढला, पूर्ण नावानं सही केली आणि पेन त्याच्या हातात दिलं. "तुझी खाली आहे जागा."

"अगदी पहिल्यासारखी होणार नाही हं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"उजवी तरी कुठं पहिल्यासारखी राहिलीय?"

बाई हसल्या. तारीख जूनची पडली. कार्मिन इतका वेळ भिंतीला टेकून उभी होती, ती पुढं आली.

"डॉक्टर, वजन उचलायचं नाही ते किती दिवस?"

"सहा आठवडे."

"हिला दहा सांगा. सहा सांगितलेत तर चौथ्या आठवड्यात बागेत दिसेल."

"दहा आठवडे," डॉक्टरीणबाई गंभीर चेहऱ्यानं क्लेमेंटीनला म्हणाल्या.

"आठ," क्लेमेंटीन म्हणाली.