नऊ ते अकराचा पहारा

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आमच्या इमारतीच्या हॉलमध्ये तीन दिवसांचा अखंड नामजप ठरला आणि यादीत समोरच्या घरातल्या वकिलाचं नाव दिसलं; त्याच्यापेक्षा मागे कसं राहायचं, म्हणून मीही घाईघाईने माझं घातलं. भक्तीचं म्हणाल, तर मी घड्याळं दुरुस्त करणारा माणूस. बारीक स्क्रू चिमट्यातून निसटून फरशीवर पडला, की तेवढ्यापुरता मला देव आठवतो.

मला शेवटच्या दिवशी सकाळी नऊ ते अकराचा पहारा मिळाला. हॉलच्या फळ्यावर सेक्रेटरींनी लिहिलं होतं : ‘नाम क्षणभरही खंडू नये. पुढचा माणूस बसल्याशिवाय उठू नये. मोबाईल बाहेर ठेवावा.’ मी मुकाट्याने बाहेर ठेवला.

त्याच दिवशी साडेबाराच्या बसने माझी लेक दूरच्या शहरात नोकरीला निघणार होती. ती नोकरी मला पसंत नव्हती, म्हणून चार महिने मी तिच्याशी अबोला धरला होता. आदल्या दिवशी तिने आईकरवी विचारलं, “बाबा सोडायला येणार का?” मी भिंतीकडे बघत बायकोला म्हणालो, “सांग तिला, अकराला सुटतो. येतो.” बसपाशी बोलायची दोन वाक्यं मनात तयारही करून ठेवली.

अकरा वाजले. पुढचा पहारा तळमजल्यावरच्या चष्म्याच्या दुकानवाल्याचा, आमच्या चष्मेवाल्याचा होता, पण त्याचा पत्ता नाही. मी आपला ‘गोविंद, गोविंद’ करतोय. सव्वाअकरा झाले, साडेअकरा झाले. दर्शनाला आलेल्यांना मी बोटाने मनगटावरचं घड्याळ दाखवलं. वकिलाची बायको म्हणाली, “अगं बाई, वेळ थोडा राहिलाय म्हणतायत!” मी दाराकडे हात केला. “देव दारात आलाय म्हणतायत!” दोघीतिघींनी लगेच वळून दाराला नमस्कार केला. मी वकिलाला खुणेने शेजारी बसायला सांगितलं, तर म्हणतो कसा, “आमचा पहारा कालच झाला.” संतापाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते बघून त्याने वाकून माझ्या पायांना हात लावला. खोटं कशाला बोलू, ते मला फार आवडलं.

पावणेबाराला लेक आली. पाठीवर बॅग, हातात पाण्याची बाटली.

“बाबा, निघते.”

हॉलमधले सगळे माझ्याकडे बघायला लागले. दोन वाक्यं अगदी ओठांवर होती. बोलायला पाच सेकंद लागले असते. सेकंद किती मोठा असतो ते मला कोणी शिकवायला नको. पण वकील बघत होता.

“गोविंद, गोविंद,” मी म्हणालो. जरा मोठ्यानेच.

तिने बॅगेचा पट्टा सावरला. मग म्हणाली, “असू दे, बाबा. देवाशी तरी बोलताय.” आणि गेली. माझं तोंड चालूच होतं.

साडेबाराला चष्मेवाला हात पुसत आला आणि शेजारी बसला. मी उठून ओरडलोच, “अकराचा पहारा तुमचा! माझी मुलगी गेली!”

“अहो, मग उठायचं ना!” त्याने खिशातून मोबाईल काढला, माइकजवळ ठेवला आणि बटण दाबलं. गोड आवाजात ‘गोविंद, गोविंद’ सुरू झालं. “तीन दिवस सगळे हेच लावतायत. सेक्रेटरींनीच पाठवलंय. वकील तर काल हे लावून घरी जेवून आले. तुम्ही ग्रुपमध्ये नाही का?”

मी धावत बाहेर आलो, मोबाईल उचलला आणि लेकीला फोन लावला. तिकडे घंटा वाजत होती, इतक्यात सेक्रेटरींनी खांद्यावर हात ठेवला. मागे वकील उभा होता.

“साडेतीन तास! एकट्याने! खरंखुरं नाम तुम्हीच घेतलंत हो. आज समारोपाला सगळ्यांसमोर तुमचा सत्कार करायचा ठरलाय.”

वकिलाचा चेहरा उतरलेला मी डोळे भरून पाहिला.

“हॅलो? बाबा?” कानात लेकीचा आवाज आला. “बाबा, बोला ना.”

मी फोन कानापासून जरासा लांब धरला आणि सेक्रेटरींना विचारलं, “किती वाजता?”